डबल बेल द्यायची रात्र

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार. रात्रीचे साडेदहा वाजलेले. धनकवडीतल्या माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं एकाच लॅपटॉपला चिकटून बसलो होतो. स्क्रीनवर एक हिरवं बटण होतं. ते दाबलं की साडेतीन वर्षं खपून केलेला गेम स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमांच्या ऑनलाइन दुकानात, विकायला सुरू. माझं बोट माऊसवर गेलं तेवढ्यात आमची आर्टिस्ट मोबाईलकडे बघत म्हणाली, "ए थांब. तिकडे नऊच वाजलेत."

तिकडे म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. स्टीमचा दिवस तिथल्या घड्याळावर चालतो, आणि बरेचजण गेम सोडतात तो तिथल्या सकाळी दहाला. त्या वेळी युरोपातली माणसं कामावरून घरी आलेली असतात आणि अमेरिका जागी असते. ऑक्टोबरमध्ये आमचा डेमो, म्हणजे गेमचा फुकट खेळायचा नमुना, लागला तेव्हा त्यांचे दहा म्हणजे आपले साडेदहा होते. तेच डोक्यात बसलं. मधल्या काळात, २ नोव्हेंबरला, अमेरिकेनं आपली घड्याळं तासभर मागं घेतली होती. वेळेवर चालणाऱ्या एसटीचा गेम बनवणाऱ्या तीन माणसांना हे कळलं ते बटण दाबायच्या दहा सेकंद आधी.

बटण आमच्या हातात होतं, तासभर आधी दाबलं असतं तरी कुणी अडवणार नव्हतं. पण शंभरेक लोकांना मेल करून दहाची वेळ कळवली होती. म्हणून मग बसलो. दिवाळीचा तळाशी गेलेला चिवडा होता, त्यातले शेंगदाणे संपले होते. साउंडवाल्यानं भिंतीला पाठ टेकली आणि पाच मिनिटांत घोरायला लागला.

गेमचं नाव इथं देत नाही, उगाच जाहिरात वाटेल. गेम असा आहे: तुम्ही एसटीचे कंडक्टर आहात, काळ १९८० च्या आसपासचा. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. स्वारगेटहून भोर, पुढं वरंध घाट उतरून महाड. माणसं चढतात, उतरतात, सुटे नाहीत म्हणतात, लहान पोराचं वय चोरतात. डोक्यावर घंटीची दोरी. एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. एवढंच. बंदूक नाही, राक्षस नाही. "मग यात खेळायचं काय?" हा प्रश्न मला साडेतीन वर्षांत इतक्यांनी विचारला की शेवटी मी "सुटे पैसे" असं उत्तर देऊ लागलो.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. गेममधला चिमट्याचा आवाज त्यांच्याच चिमट्याचा आहे. निवृत्त होताना तो घरी कसा राहिला हे मी कधी विचारलेलं नाही. स्वयंपाकघरात सगळे पंखे, फ्रीज बंद करून, खिडकीला गोधडी लावून आम्ही तो रेकॉर्ड केला. साउंडवाल्यानं कागदावर वीसेक वेळा मारून घेतला. तरी बाबा म्हणाले, "असा नाही. दांड्यावर वाजवायचा. तिकीट राहिलंय का म्हणून ओरडावं लागत नाही मग." घरात दांडा कुठून आणणार? शेवटी पलंगाच्या लोखंडी पायावर वाजवला. आज गेममध्ये तुम्ही गर्दीतून पुढं सरकता तेव्हा जी टकटक येते, ती त्या पलंगाची आहे.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, लाँचच्या दिवशी गेमवाले पैशांची वाट बघत असतात. पैसे हवेच असतात, नाही कुठं म्हणतोय. पण पैशांची वाट त्या रात्री बघून उपयोग नसतो. स्टीम महिन्याचा हिशोब करून पुढच्या महिन्याच्या शेवटाला पैसे पाठवतं, म्हणजे नोव्हेंबरची विक्री डिसेंबरअखेर. त्यात ३० टक्के त्यांचे. अमेरिकेत झालेल्या विक्रीवर तिथला कर आधीच कापला जातो. भारत-अमेरिका करारामुळे तो १५ टक्के बसतो, पण त्यासाठी डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म आणि त्यात आपला पॅन नंबर लागतो. बाबांना हे समजावलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे पगार कधी?" डिसेंबरच्या शेवटी, म्हटलं. "मग आत्ता रात्री कशाला जागताय?"

तो रिकामा तास मिळाला म्हणून मी त्या दोघांना हाच प्रश्न विचारला. तुम्ही नक्की कशाची वाट बघताय?

आर्टिस्टनं विचारही केला नाही. घाटात पाऊस लागतो तिथं, उजव्या हाताला, दरड कोसळून पडलेल्या दगडांमागं एक छोटं हनुमानाचं देऊळ आहे. कथेशी त्याचा काही संबंध नाही. गाडी पुढं जाते आणि ते चार सेकंदांत मागं पडतं. तिनं त्याला तीन दिवस दिलेत. आत पणती आहे आणि ती फक्त अंधार पडल्यावर दिसते. "कुणीतरी तिथं थांबून फोटो काढावा," म्हणाली. गेममध्ये लोक खेळता खेळता स्क्रीनशॉट काढून टाकतात, त्यातला एखादा.

साउंडवाला झोपेतूनच म्हणाला, "गिअर." म्हणजे ड्रायव्हर गिअर बदलतो तेव्हा इंजिनचा आवाज क्षणभर मिटतो आणि नेमक्या त्या वेळी खिडक्यांच्या काचांचा खडखडाट ऐकू येतो. हे कुणीतरी ओळखावं. हेडफोन लावलेला एक माणूस पुरे.

आणि मी? अनोळखी माणूस. साडेतीन वर्षं गेम खेळले ते भाऊ, मित्र, मित्रांचे मित्र. ते सगळे खेळताना आधी माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मग स्क्रीनकडे. ज्याला माझं तोंड माहीत नाही असा माणूस खेळताना मला बघायचा होता.

तोवर पावणेअकरा झाले होते. शेवटच्या रात्री बिल्डला, म्हणजे चढवून ठेवलेल्या तयार गेमला, हात लावायचा नाही असा आमचा नियम. लिहून फ्रीजवर चिकटवलेला. तरी आर्टिस्टला महाडच्या स्टँडवरच्या पाटीतला एक काना जाड वाटायला लागला आणि तिनं हळूच आपला टॅब उघडला. मी तिच्या हातातून तो काढून घेतला.

पाट्यांची गोष्ट सांगायलाच हवी. गेममध्ये मराठी पाट्या असणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. गेम बनवायला आम्ही युनिटी नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात ज्या पद्धतीनं आम्ही अक्षरं दाखवत होतो तिला देवनागरीची जोडाक्षरं कळत नव्हती. पहिल्यांदा 'रत्नागिरी' टाकलं तेव्हा त चा पाय मोडलेला, न बाजूला उभा आणि ग ची वेलांटी ग च्या पुढं जाऊन बसलेली. वेलांटी टाईप होते अक्षरानंतर पण दिसायला हवी अक्षराआधी, हे त्या यंत्रणेच्या गावीच नाही. आठवडाभर डोकं फोडल्यावर आर्टिस्ट म्हणाली, "एसटीच्या पाट्या काय टाईप करतात का? पेंटर रंगवतो." आणि तिनं सगळ्या पाट्या हातानं रंगवल्या. पत्र्याच्या, लाकडी, "मागच्या दारानं चढा"वाल्या, सगळ्या. गेममधली सगळ्यात देखणी गोष्ट आज त्याच आहेत. पण मेन्यू अजून इंग्रजीतच आहे आणि मराठी माणसांनी बनवलेल्या एसटीच्या गेमचा मेन्यू मराठीत नाही याची मला लाज वाटते. ते काम चालू आहे.

लाँचचा दिवस एका बटणाचा दिसतो खरा, त्याची सुरुवात मात्र महिनोन् महिने आधी होते. स्टीमवर गेम ठेवायला एका गेमचे १०० डॉलर भरायचे. ते गेमनं १,००० डॉलरची कमाई केली की परत मिळतात. भरल्यापासून ३० दिवस तरी गेम सोडता येत नाही आणि 'लवकरच येत आहे' असं पान किमान दोन आठवडे आधी लागलेलं हवं. गेमची तपासणी होते. आमची पहिल्या खेपेला परत आली. 'कंट्रोलरवर (हातात धरायच्या बटणांच्या रिमोटवर) पूर्ण चालतो' अशी खूण आम्ही केली होती आणि सेटिंगमधली एक खिडकी माऊसशिवाय बंद होत नव्हती. चूक आमचीच.

पान लागलं की लोक गेम विशलिस्टमध्ये, म्हणजे 'पुढं घ्यायचाय'च्या यादीत, टाकू लागतात. ही विशलिस्ट म्हणजे गेमवाल्याची पंढरीची वाट. रोज उठून किती सरकली ते बघायचं. गेम सुटला की त्या सगळ्यांना स्टीम मेल पाठवतं, म्हणून तो आकडा महत्त्वाचा. आमचा बराच काळ रोज दोन-चारनं वाढायचा. ज्या दिवशी सात झाले त्या दिवशी आम्ही भजी आणली होती. मग ऑक्टोबरचा नेक्स्ट फेस्ट आला, १३ ते २० तारीख. त्यात येऊ घातलेल्या गेमांचे डेमो फुकट खेळायला मिळतात. नेमकी दिवाळी. वसुबारसेला मी एका ब्राझीलवाल्याच्या तक्रारीला उत्तर देत होतो आणि आई मागून "अरे निदान पणती तरी लाव" म्हणत होती. त्या एका आठवड्यात विशलिस्ट चौपट झाली.

तारीख काढतानाही मुहूर्त काढल्यासारखंच असतं. मोठा गेम कधी येतोय, सेल कधी लागतोय, सगळं बघायचं. सप्टेंबरमध्ये काय झालं ते आम्ही काठावरून पाहिलं होतं. 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' हा गेम २०१९ मध्ये जाहीर झालेला, लोक वर्षानुवर्षं वाट बघत होते. बनवणारी टीम ऑस्ट्रेलियातली, अगदी छोटी. २१ ऑगस्टला त्यांनी सांगितलं, ४ सप्टेंबरला येतोय. बस. दोन आठवड्यांत त्या तारखेच्या आसपासच्या कितीतरी छोट्या गेमवाल्यांनी आपापल्या तारखा हलवल्या. रागानं नाही हं. त्यातले अर्धे स्वतःच तो खेळायला बसणार होते. आमची तारीख मुळातच नोव्हेंबरची होती म्हणून वाचलो. आईचं म्हणणं होतं आदल्या दिवशी करा, त्रिपुरी पौर्णिमा आहे. मी म्हटलं गुरुवार बरा. ती म्हणाली, "गुरुवार चांगलाच, दत्ताचा." दोघांचंही जमलं.

साडेअकरा वाजले. साउंडवाल्याला हलवून उठवलं. बटण कुणी दाबायचं यावर आमचं आधीच ठरलं होतं: तिघांनी एकत्र. प्रत्यक्षात एका माऊसवर तीन बोटं मावत नाहीत. शेवटी मी दाबलं आणि बाकीच्या दोघांनी माझ्या मनगटाला हात लावला, पूजेत यजमानाच्या हाताला लावतात तसा. साउंडवाल्यानं तोंडानं आवाज काढला: टिंग टिंग.

आणि मग काहीच झालं नाही.

दोनेक मिनिटं. ती दोन मिनिटं मी विसरणार नाही. पानावर किंमत आली, ३४९ रुपये, वर लाँचची १० टक्के सूट. खाली 'परीक्षणे नाहीत'. सध्या खेळणारे: १. तो एक म्हणजे आर्टिस्ट, स्वतःच्याच लॅपटॉपवर देऊळ नीट दिसतंय ना ते बघत होती. शिव्या पडल्या तर चालतील, शुकशुकाट नको, हे मी त्या दोन मिनिटांत शिकलो. मग १ चे ४ झाले. ४ चे ११. पंधरा मिनिटांत ३८. मोठ्या गेमांच्या मानानं हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा. पण ३८ म्हणजे एका एसटीत बसवले तर चार-पाच सीटच रिकामी राहतील एवढी माणसं. साउंडवाला खरंच म्हणाला, "गाडी भरत आली की."

साडेबाराच्या सुमारास पहिली तक्रार आली. एका जर्मन खेळाडूनं स्क्रीनशॉट पाठवला होता. वर एक आजीबाई, टोपली घेतलेल्या, आणि खाली लिहिलेलं: भाडं २५० रुपये. त्यानं विचारलं होतं, तुमच्याकडे बस एवढी महाग होती का?

मला आधी हसू आलं. मग पोटात गोळा. भाडं अडीच रुपये होतं.

गेममधले दर एका साध्या फाईलमधून वाचले जातात. तिथं लिहिलंय 2.50. आपल्याकडे, अमेरिकेत, इंग्लंडमध्ये तो टिंब म्हणजे दशांश चिन्ह. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम आणि टिंब हजारांच्या गटासाठी. कॉम्प्युटर ज्या देशाच्या पद्धतीवर लावलेला असेल त्या पद्धतीनं आमचा प्रोग्राम तो आकडा वाचत होता. जर्मन कॉम्प्युटरनं टिंबाकडे दुर्लक्ष केलं आणि २५० वाचले. आजीबाईंकडे पाच रुपये. त्या "नको रे बाबा" म्हणून उतरून गेल्या, मागचा माणूसही उतरला. सगळी गाडी रिकामी. जर्मनीत आमची एसटी भाडं शंभरपट लावून मोकळी धावत होती. हा इतका जुना आणि इतका प्रसिद्ध घोटाळा आहे की कॉलेजातल्या पोरालाही माहीत असतो. मलाही माहीत होता. डेमोमध्ये कळला का नाही? कारण डेमोत फक्त पहिला टप्पा होता आणि पहिल्या टप्प्यातली सगळी भाडी पूर्ण रुपयांत. पैसे सुरू होतात तिसऱ्या टप्प्यापासून.

दुरुस्ती एका ओळीची. आकडा वाचताना देश बघू नको, एवढंच सांगायचं. पण ती ओळ सतरा ठिकाणी होती. मी एकेक शोधत असताना आर्टिस्टनं आपला स्क्रीन माझ्याकडे फिरवला. "हे बघ. कुणीतरी नेटवर लोकांना दाखवत लाइव्ह खेळतोय."

पोलंडमधला एक माणूस. त्याच्याकडे बघणारे सगळे मिळून बारा, त्यातले आम्ही दोन लॅपटॉप. असं लाइव्ह खेळून दाखवणाऱ्या मोठ्या स्ट्रीमरांना आम्ही मेल पाठवले होते. उत्तरं आली ती बहुतेक स्वतःला समीक्षक म्हणवून फुकटच्या चाव्या, म्हणजे गेम उघडायचे कोड, मागणाऱ्या भामट्यांची. ह्या माणसाला आम्ही काहीही पाठवलेलं नव्हतं. यानं विकत घेतला होता.

तो पोलिश बोलत होता, आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. तरी तिघं श्वास रोखून बघत बसलो. स्वारगेटला त्यानं माणसं घेतली. तिकिटं फाडली. मग त्याला दोरीचं कळेना. मी मुद्दाम कुठंही 'दोनदा ओढा' असं लिहिलेलं नाही. आत चढायच्या दाराशी एक पोरगा उभा आहे, तो तोंडानं "टिंग टिंग" करतो, तेवढाच इशारा. पोलिश गडी सगळं चाचपून बघत होता. खिडकी उघडली. पिशवी उघडली. आणि मग ते झालं ज्यासाठी मी एक आख्खा रविवार घालवला होता आणि जे कुणाला दिसेल असं मला वाटलं नव्हतं. फार वेळ बेल दिली नाही तर ड्रायव्हर आरशातून मागं बघतो, मग मान वळवतो आणि म्हणतो, "काय मास्तर, निघायचं का?"

ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतात. बाबांना डेपोत सगळे मास्तरच म्हणायचे. तो आवाज साउंडवाल्याच्या मामांचा आहे.

पोलिश माणूस दचकला आणि खो खो हसला. मग त्यानं बेल द्यायची सोडूनच दिली. मुद्दाम थांबायचा, ड्रायव्हर वळायचा, आणि "मास्तर" म्हटलं की हा पण ओरडायचा: "मास्तर!" त्याच्या बारापैकी कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलं, एम ए एस टी ए आर. पुढचा अर्धा तास तो स्वतःला मास्तर म्हणवून घेत होता.

मी मात्र हसू शकत नव्हतो, कारण पोलंडमध्येही दशांशाला स्वल्पविराम असतो. जर्मन कॉम्प्युटर निदान चुकीचा आकडा तरी वाचतो, पोलिश कॉम्प्युटरला 2.50 हा आकडा वाटतच नाही. तिथं गेम सरळ गोठणार होता. आणि गडी दुसरा टप्पा अर्ध्यावर आणून बसला होता.

असं मी आयुष्यात कधी टाईप केलेलं नाही. आर्टिस्ट मला बातम्या देत होती, क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारख्या. "भोर आलं." "दोघं उतरले." "सुट्यांवरून भांडतोय, भांडू दे." सतरापैकी अकरा झाल्या, चौदा झाल्या. एक चांगलं असतं, गेम एकदा सुटला की पुढच्या दुरुस्त्यांना तपासणीची वाट बघावी लागत नाही, आपण चढवायचं की लगेच लोकांकडे. एक वाजून सदतीस मिनिटांनी चढवलं. तेव्हा साउंडवाला जागेपणी पहिलं शहाणं वाक्य बोलला: "पण त्याचा गेम चालू आहे. बंद केल्याशिवाय नवीन कसा येणार?"

म्हणजे त्याला सांगावं लागणार. ज्याला माझं तोंड माहीत नाही असा माणूस मी साडेतीन वर्षांनी मिळवला होता, आणि तासाभरात मलाच त्याच्यासमोर जावं लागत होतं. मी त्याच्या चॅटमध्ये लिहिलं: हा गेम मी बनवलाय, पुढच्या टप्प्यात तो बंद पडेल, कृपया एकदा बंद करून चालू करा. त्यानं वाचलं. संशयानं कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्यांच्यातल्या एकानं लिहिलं, भामटा आहे, लिंक उघडू नकोस. मी लिंक दिलीच नव्हती. मग मी लिहिलं, "काय मास्तर, निघायचं का?" रोमन अक्षरांत, जसं पडद्यावर खाली येत होतं तसं.

तो पाच सेकंद गप्प बसला. मग हात जोडले, नमस्ते म्हणाला, आणि गेम बंद केला. परत चालू केला तेव्हा आजीबाईंनी अडीच रुपये मोजून दिले. घाटात पाऊस लागला. तो देवळाशी थांबला नाही. पणतीकडे त्यानं बघितलंही नाही. आर्टिस्टनं एक शिवी हासडली, पोलिश माणसाला कळणार नाही अशी.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून परतावेही आले. विकत घेऊन १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत, हा स्टीमचा नियम. परत करताना लोक कारण लिहू शकतात आणि ते आम्हाला दिसतं. 'कंटाळवाणा.' 'ड्रायव्हर व्हायचं होतं, कंडक्टर नाही.' एकानं लिहिलं होतं, 'मी खऱ्या आयुष्यातही गर्दीत सुटे पैसे मोजतो, घरी येऊन पुन्हा नको.' हे मी प्रिंट काढून भिंतीला लावलंय. यावर काय बोलणार?

परीक्षणं मात्र हळू येत होती. दहा होईपर्यंत स्टीम गेमला 'चांगला-वाईट' असा शेरा देत नाही, नुसतीच संख्या दाखवतं. म्हणून छोटे गेमवाले दहाव्याकडे डोळे लावून असतात. मित्रांना फुकट चाव्या वाटून उपयोग नाही, कारण स्टीमवर विकत न घेतलेल्यांची परीक्षणं त्या हिशोबात धरत नाहीत. आर्टिस्टच्या आतेभावानं दोन पानी स्तुती लिहिली, ती अशीच वाया गेली. शुक्रवारी सकाळी आठला नऊ होती. नऊला नऊ. सव्वादहाला दहावं आलं. जर्मन माणसाचं. तोच, स्क्रीनशॉटवाला. अंगठा वर, आणि खाली एकच ओळ: "तिकीट स्वस्त झालं."

त्याच दिवशी दुपारी कुणीतरी देवळाचा स्क्रीनशॉटही टाकला. पणतीसकट. आर्टिस्ट झोपली होती, मी तिला फोन करून उठवलं. गिअरचं अजून कुणी लिहिलेलं नाही. साउंडवाला म्हणतो, काही घाई नाही.

संध्याकाळी आईबाबांकडे गेलो. "किती खपला?" बाबांचा पहिला प्रश्न. सांगितलं, कालपासून दोनशेच्या आसपास. त्यांनी मनातल्या मनात वेबिल भरल्यासारखा हिशोब केला आणि काही बोलले नाहीत. मग मी जर्मनीतल्या अडीचशेच्या तिकिटाची गोष्ट सांगितली. हसतील असं वाटलं होतं. ते गंभीर झाले. "चेकर चढला असता तर?" म्हणाले. "जास्तीचे पैसे घेतले म्हणून रिपोर्ट झाला असता त्या पोराचा."

चहा झाल्यावर मी टीव्हीवर त्या पोलिश माणसाचं रेकॉर्डिंग लावलं. बाबा चष्मा लावून पुढं सरकून बसले. चिमट्याची टकटक आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता मान हलवली. ड्रायव्हर वळला, "काय मास्तर, निघायचं का?" म्हणाला, आणि तो दूरदेशचा माणूस "मास्तर!" म्हणून ओरडला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, कोण हाक मारतंय म्हणून.

मग घाट लागला. वळणावर एक म्हातारा हात करत उभा होता. पोलिश माणसानं त्याला बघितलं, दोरीला हात घातला आणि गोंधळून दोनदा ओढली. गाडीनं वेग घेतला, म्हातारा मागं पडला.

"अरे सिंगल, सिंगल!" बाबा टीव्हीवर ओरडले. "माणूस राहिला ना त्याचा!"